टेलचं पाणी : पाणी वापर संस्था उभी करताना

एप्रिल २०२२. रात्री पावणेबाराला दादाचा फोन आला. "पाणी आलंच नाही गं. वरनं बंद केलं म्हणे." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. आठ रात्री तो चारीवर जाऊन बसत होता. दीड एकर भुईमूग होता, आऱ्या सुटायची वेळ. आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस सुटणारं पाणी, सुरू होऊन संपलंसुद्धा, आणि आमच्या दारापर्यंत, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या तोंडापर्यंत, ते पोचलंच नाही. आमचं शेत लघुकालव्याच्या (मुख्य कालव्यातून निघणाऱ्या छोट्या फाट्याच्या) अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, त्यामुळे आम्हाला याची सवय होती. त्या वर्षी फरक एवढाच की वडील जानेवारीत गेले होते आणि भांडायला जाणारं कुणी उरलं नव्हतं.

मी हडपसरला राहते, एका कंपनीत हिशेब लिहिते. माझ्या नळाला येतं ते पाणी खडकवासल्याचं, आणि दौंड तालुक्यातल्या आमच्या शेताला येत नाही तेही खडकवासल्याचंच. त्यामुळे गावात गेलं की "तुम्ही पुणेकर आमचं पाणी पिता" आणि पुण्यात "शेतकरी उसाला किती पाणी सोडतात" ही दोन्ही बोलणी मी एकाच तोंडाने ऐकून घेतलेली आहेत. पुढची पावणेतीन वर्षं मी जे केलं ते लिहून ठेवते आहे. आमच्यासारखे टेलवाले पुष्कळ आहेत आणि सुरुवात कुठून करायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी थोडं चित्र. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून साठा होतो २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातून पुणे शहर पितं आणि नवा मुठा उजवा कालवा २०२ किलोमीटर वाहत हवेली, दौंड, इंदापूर तालुक्यांत जातो. या कालव्यावर सुमारे ६२ हजार हेक्टर भिजणं अपेक्षित आहे. शहराशी झालेला करार साडेअकरा टीएमसीचा. शहर वाढत गेलं, हद्दीत गावं आली, आणि प्रत्यक्ष उचल करारापेक्षा बरीच जास्त असते हे दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येतं. त्याच करारात शहराने साडेसहा टीएमसी पाणी प्रक्रिया करून शेतीला परत द्यायचं असंही होतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (उपसा विहिरीतून) ते जुन्या कालव्यात सोडतात, त्याला सगळे बेबी कॅनॉल म्हणतात. माझ्या मामांचं शेत त्या कालव्यावर आहे. मामा पाण्यात हात घालायच्या आधी वास घेतात.

दहा रुपयांचा स्टॅम्प

हिशेब लिहिणाऱ्या बाईला पहिली गोष्ट सुचते ती आकडा मागायची. ९ मे २०२२ ला पाटबंधारे कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला : आमच्या लघुकालव्यात गेल्या तीन वर्षांत, आवर्तनवार, किती पाणी सोडलं? अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. माझा पहिला मसुदा तीन पानी होता, त्यात भुईमूगही होता. कार्यालयाच्या दारातल्या टायपिंगवाल्याने तो वाचला आणि म्हणाला, "ताई, यातलं दुःख काढा, प्रश्न ठेवा." आजवर मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला तोच.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. २२ जुलैला सुनावणी झाली, जेमतेम सात मिनिटांची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. चौदा पानं, दोन रुपयांप्रमाणे अठ्ठावीस रुपये. तेरा पानं कुठल्यातरी परिपत्रकांच्या प्रती. चौदाव्या पानावर एक ओळ : सदर लघुकालव्यावर प्रवाह मापक कार्यान्वित नसल्याने माहिती उपलब्ध नाही.

मी ती ओळ लोकलमध्ये तीनदा वाचली. आम्हाला कमी पाणी मिळतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. किती कमी, हे मात्र आम्हालाच काय, पाणी सोडणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. शहराच्या हिश्शाचं दशांश चिन्हासकट लिहिलं-बोललं जातं. आमच्या हिश्शाचं कधी "बरं आलं", कधी "नाय आलं".

काकांचं अंगण

शेजारच्या गावात एक निवृत्त कालवा निरीक्षक राहतात. दादा म्हणाला, त्यांना भेट. ऑगस्टमधल्या एका रविवारी हडपसरहून दौंडची लोकल धरली, पाटसला उतरले, पुढे दादाच्या मोटरसायकलवर. काकांनी आधी चहा दिला, मग माझं चौदावं पान वाचलं आणि हसले.

"तू नमुना सातवर अर्ज करणारी बाई आहेस," ते म्हणाले. "नमुना सात म्हणजे काय? अमुक क्षेत्राला, अमुक पिकाला पाणी द्या अशी विनंती. मंजूर झालं तरी पाणी किती मिळणार ते त्यात कुठं आहे? संस्था केलीस तर कोटा मिळतो. घनमीटरमध्ये."

मग त्यांनी अंगणातल्या मातीवर काटकीने धरण काढलं. पावसाळा संपला, ऑक्टोबरच्या मध्याला साठा किती ते बघतात. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समिती बसते. आधी पिण्याचं पाणी पुढच्या पावसापर्यंत बाजूला काढतात. बाष्पीभवन आणि गळती वजा जाते. उरेल ते रब्बीला आणि उन्हाळी आवर्तनाला. "आता शहर फुगलं तर कात्री कुठं लागणार? उन्हाळ्याला. आणि उन्हाळी आवर्तन आखूड झालं तर कोण कोरडं राहणार?" काटकी टेलवर येऊन थांबली.

कायदा आहे २००५ चा, महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचाही कायदा झाला. लघुकालव्यावरच्या सगळ्या खातेदारांची एक पाणी वापर संस्था, तिला लघुकालव्याच्या मुखाशी मोजून पाणी, मोजून बिल. आत कुणाला किती आणि कुठल्या पिकाला, ते संस्था ठरवते. ऐकायला सोपं वाटलं. मी वहीत लिहिलं : सहा महिने.

मेलेल्यांची यादी

सप्टेंबर २०२२ मध्ये ६३ खातेदारांच्या सह्या घेऊन पाटबंधारे उपविभागात संस्थेसाठी अर्ज दिला. सगळ्यात महत्त्वाची टीप इथेच देते : प्रत्येक कागदाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "मी ठेवतो, काळजी करू नका" म्हणणारा माणूस चांगलाच असतो, पण त्याची बदली होते. आमच्या कामात तीन साहेब बदलले. दर वेळी माझी प्लास्टिकची फाइल हीच कार्यालयाची फाइल झाली.

मग कार्यक्षेत्राचं सीमांकन, राजपत्रात अधिसूचना, त्यानंतर खातेदारांची यादी. फेब्रुवारी २०२३ मध्ये कच्ची यादी आली : लाभक्षेत्र २८६ हेक्टर, खातेदार २१४. मी आणि वहिनी ओसरीवर बसून वाचायला लागलो. आई शेंगा फोडत ऐकत होती. "हा गेला," आई म्हणायची. "हापण गेला. ही कोण? हां, ही तर मी लग्न होऊन आले त्याच साली गेली." शेंगा संपल्या तेव्हा ६१ नावांवर फुली होती. बासष्टावं नाव वडिलांचं. तिथे आई काही बोलली नाही. मी फुली मारली.

वारस नोंद झाल्याशिवाय मतदार नाही. अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मग प्रमाणित नोंद. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांना मिळतो, तो आधी काढा. तलाठी कार्यालयाच्या चार फेऱ्या वाचतात. आम्ही गावात दोन रविवार शिबिरासारखं बसलो. तरीही ६२ पैकी ३९ नोंदीच वेळेत झाल्या. बाकीच्या घरांत भाऊबंदकी होती आणि ती पाण्याच्या आधीची होती.

आमच्याही घरात थोडी झाली. वडिलांच्या वारसांत आई, दादा आणि मी. आमच्याकडे बहिणीने हक्कसोड करून द्यायची रीत आहे, आणि मीही ती देईन असं सगळ्यांनी धरलं होतं. माझं नाव सातबाऱ्यावर लागलं तेव्हा चावडीवर बोललं गेलं, "पाण्याचं निमित्त, आक्काला वाटा पाहिजे." दादा पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. शेवटी वहिनीने विषय काढला : नाव नसेल तर संस्थेत बसायचं कसं? महिलांच्या राखीव जागेवर कोण बसणार? त्या दिवसापासून विषय बंद झाला. मिटला असं म्हणत नाही.

हेडचे आबा

संस्थेच्या संचालक मंडळात लघुकालव्याचे तीन भाग धरतात, शीर्ष, मध्य, पुच्छ. बोलताना सगळे हेड, मिडल, टेलच म्हणतात. हेडवाल्यांना संस्था कशाला हवी होती? त्यांना पाणी मिळतच होतं. हेडचे आबा म्हणजे ऊस, दोन विहिरी आणि गावात वजन. त्यांच्या ओट्यावर आम्ही चार बैठका घेतल्या. पहिल्या तिन्हींत ते फक्त पान लावत बसले.

चौथ्या बैठकीत मी तावातावाने बोलत होते. पुणं इतकं उचलतं, शेतीच्या वाट्याला इतकंच. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुमच्या बिल्डिंगीत पाण्याला मीटर हाय का?"

मीटर बसवलाय, मी म्हटलं. पण पाणीपट्टी अजून मिळकतकराबरोबरच येते.

"म्हंजी किती पिता ते तुमाला ठावं न्हाई. आन आमी किती पाजतो ते आमाला मोजायला सांगताय."

ओट्यावर हशा झाला. मीही हसले, कारण उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात मी आमच्या सोसायटीच्या पंपाजवळचा मीटर सात दिवस रोज सकाळी वाचला. माणशी सरासरी काढली, २०८ लिटर. टाकी भरून वाहते ते धरून. पुढच्या बैठकीत हा आकडा मी स्वतःहून आबांना सांगितला. ते म्हणाले, "बरं केलंत." त्या दिवशी त्यांनी सही केली. त्याचं कारण एवढंच नव्हतं. धाकट्या मुलाने ठिबक घेतलं होतं आणि संस्थेत पीक निवडायला मोकळीक असते हे त्याला कळलं होतं. पण सही झाली.

मधल्या काळात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, आम्ही अकरा जण जीप करून दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर जाऊन आलो होतो. जीपचे नऊ हजार वर्गणीतून दिले. तिथे १९९० च्या दशकापासून शेतकऱ्यांच्या संस्था पाणी वाटतात, आणि सुरुवात टेलच्या ओझरकडच्या लोकांनी केली. मला त्यांच्या यशापेक्षा त्यांचे रजिस्टर बघायचे होते. कडा झिजलेल्या, चहाचे डाग पडलेल्या वह्या, रोजच्या नोंदी. मी एका पानाचा फोटो काढून आणला आणि आमचं रजिस्टर तसंच आखलं. जमलं तर असं एकदा जाऊन या. आमच्यातले जे दोघं "हे आपल्याकडं व्हायचं नाय" म्हणत होते, ते परतीच्या वाटेवर मोजमापावर वाद घालत होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये संचालक मंडळ बिनविरोध झालं. बिनविरोध म्हणजे भांडण झालं नाही असं नाही, ते आदल्या रात्री झालं.

चार किलोमीटर सहाशे मीटर

नोव्हेंबर २०२३ मध्ये संयुक्त पाहणी ठरली. शाखा अभियंता, मोजणीदार, आम्ही संचालक आणि दहा-बारा खातेदार. लघुकालव्याच्या मुखापासून शेवटच्या दारापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक दोष लिहायचा. व्यवस्थापन ताब्यात घेण्याआधी दुरुस्त्या करून घ्यायच्या असतात, त्यामुळे या दिवशी आळस करू नका. मी मीटरच्या खुणा असलेली टेप, खडू आणि साखळी क्रमांक (मुखापासूनचं अंतर) लिहायला वही घेतली होती. वहिनीने भाकरी-ठेचा बांधून दिला होता, तो साहेबांनीही खाल्ला.

अस्तरीकरण उखडलेल्या १७ जागा. तीन दारांना झडपच नाही, पोती टाकून अडवतात. एका ठिकाणी बाभळीने मुळं घालून भिंत दोन फूट आत ढकललेली. आणि डोंगळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कालव्याच्या भिंतीवरून आत टाकलेला वाकडा पाइप, एकदा ओढ लागली की रात्रभर आपोआप पाणी खेचतो. असे नऊ सापडले. आठ हेडला आणि मधल्या भागात. नववा टेलच्या बाजूला, घाणेरीच्या झुडपात, वर गोणपाट टाकून झाकलेला. मोजणीदाराने गोणपाट उचललं तेव्हा दादा माझ्याकडे बघेना. तो पाइप आमच्या धाकट्या चुलत्याच्या मुलाचा होता. आमच्या बांधाला लागून. म्हणजे आठ रात्री दादा जिथे बसला होता, तिथून शंभर पावलांवर.

"लिहा," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही. तोही पाइप यादीत आला. चुलत्यांकडच्या पुढच्या लग्नाची पत्रिका आम्हाला पोस्टाने आली, घरातून घरात.

त्या दिवशी परत येताना एक विचार आला. हाच मुख्य कालवा शहराच्या पोटातून उघडा वाहत येतो. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटून वस्तीत पाणी घुसलं होतं. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून पाणी न्यायची योजना आहे. तिकडे टीएमसी वाचतील, इकडे आम्ही बाभळीची मुळं मोजतोय. दोन्ही गळतीच.

आचारसंहिता

इथून पुढचे तेरा महिने थोडक्यात सांगते, कारण त्यांत घडण्यासारखं काही घडलंच नाही. अंदाजपत्रक झालं, वर गेलं, शेरा लागून परत आलं, पुन्हा वर गेलं. मंजुरी येते न येते तोच १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता. ती संपली ६ जूनला, तोवर पाऊस. काम पावसाच्या उघडिपीत तुकड्यातुकड्याने सप्टेंबरअखेर उरकलं. प्रवाह मापक म्हणून काँक्रीटचे दोन फ्लूम, म्हणजे पाणी मोजायच्या अरुंद गळ्याच्या नाल्या, बसले. एक मुखाशी, दुसरा आमच्या आग्रहाने टेलच्या भागाच्या सुरुवातीला. दुसऱ्यासाठी मी पाच पत्रं लिहिली. पाचवं सगळ्यात लहान होतं, दोन ओळींचं, आणि तेच मंजूर झालं. करारनामा ऑक्टोबरात व्हायचा तर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. शेवटी सह्या झाल्या डिसेंबर २०२४ मध्ये.

या काळात सोडून द्यावंसं खूपदा वाटलं. रविवार गेले, मुलीची दहावी गेली, नवरा एकदा शांतपणे म्हणाला, "भुईमूग विकत आणू आपण." त्याचं बरोबरच होतं. खर्चही लिहून ठेवते : अडीच-पावणेतीन वर्षांत संस्थेचे एकूण ३१ हजार ४०० रुपये गेले. झेरॉक्स, सातबारे, प्रतिज्ञापत्रं, जीप, चहा आणि रजिस्टरं. खातेदारामागे दोनशे रुपये वर्गणी ठरली होती. १७१ जणांनी दिली, बाकीच्यांनी "पाणी आल्यावर" सांगितलं. लाच म्हणून एक पैसा गेला नाही. फेऱ्या मात्र गेल्या.

करारातला आकडा असा : रब्बीच्या पहिल्या आवर्तनाला १२ क्युसेक (सेकंदाला १२ घनफूट), दहा दिवस. एक क्युसेक दिवसभर वाहिला की साधारण २ हजार ४४७ घनमीटर होतात. म्हणजे आमच्या मुखाशी २ लाख ९४ हजार घनमीटर. हा आकडा मी शाळेच्या भिंतीवर गेरूने लिहून घेतला. आमच्या लघुकालव्याला पहिल्यांदाच आकडा मिळाला होता.

चौतीस आणि अकरा

जानेवारी २०२५ मध्ये पाणी आलं. ठरलं होतं की शेजपाळीने, म्हणजे ठरलेल्या पाळीच्या क्रमाने, भिजवायचं. दोन्ही फ्लूमवर दर दोन तासांनी मोजपट्टी वाचायची, रात्रीसुद्धा, आणि दर वेळी एक हेडचा आणि एक टेलचा माणूस मिळून सही करणार. मी तीन दिवस रजा टाकून गेले.

तिसऱ्या रात्री टेलच्या फ्लूमवर मी, दादा आणि हेडचा एक तरणा पोरगा. थंडी मरणाची. पाणी काळं, गुळगुळीत, फ्लूमच्या गळ्यात येऊन जरा उचललं जायचं आणि पुढे आवाज करत पडायचं. मोबाइलचा उजेड पट्टीवर धरला की पाण्याची कड पट्टीला चाटते तिथे बघायचं. ती सारखी हलते, म्हणून तीनदा वाचून मधला आकडा धरायचा. बारा वाजता : मुखाशी ३४ सेंटिमीटर (फोनवरून), टेलला ११. दादा त्या अकराकडे बराच वेळ बघत होता. भुईमूगवाल्या वर्षी याच जागी चिखलसुद्धा नव्हता.

दोन वाजता मुखाशी ३४, टेलला ६.

मुखाशी पाणी तेवढंच, म्हणजे वरून कमी झालेलं नाही. मधेच कुणीतरी प्यायलं. हे कळायला दोन मिनिटं लागली. पूर्वी आम्ही अशा वेळी आधी कार्यालयाला आणि मग पुण्याला शिव्या दिल्या असत्या. हेडच्या पोराने आबांना फोन लावला. सत्तरीचे आबा, अंगावर घोंगडी, बॅटरी घेऊन चारीने निघाले. पावणेतीनला त्यांना डोंगळा सापडला. त्यांनी तो उपसला आणि कालव्याच्या काठावरच ठेवून दिला, उद्या सगळ्यांना दिसेल असा. कुणाचा ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. चार वाजता टेलला पुन्हा ११.

सहाव्या दिवशी उलटं झालं. सकाळी सहाला मुखाशीच ३४ चे २७ झाले, टेलचंही त्याच प्रमाणात उतरलं. ही तूट आमची नव्हती, वरून आली होती. शेवटचे दिवस असेच गेले. काही वेळा सहा-सहा तास कमी, मग पुन्हा चढ. आम्ही काही करू शकत नव्हतो. फक्त लिहीत राहिलो. वेळ, पट्टी, दोन सह्या.

आवर्तन संपल्यावर मी घरी तक्ता केला. दहा दिवसांची सरासरी १० क्युसेक, म्हणजे २ लाख ४५ हजार घनमीटर. मंजुरीच्या सुमारे ८३ टक्के. तूट ४९ हजार घनमीटर. लिटरमध्ये ४ कोटी ९० लाख. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर धरले तर ३ लाख ६३ हजार लोकांचं एका दिवसाचं पाणी. हा हिशेब मी केला तेव्हा मला आनंदही झाला नाही आणि रागही आला नाही. हे पाणी शहरात गेलं असं मी म्हणत नाही. मुख्य कालव्यात दोनशे किलोमीटरमध्ये ते कुठेही गेलं असेल. पण आमच्या लघुकालव्यात आलं नाही, हे आता सह्यांनिशी आहे.

आलेलं पाणी आतल्या आत कसं गेलं तेही लिहिते, कारण सगळं छान झालं असं नाही. टेलच्या २२ खातेदारांपैकी १९ जणांचं भिजलं. तिघांची पाळी आली तेव्हा आवर्तन संपलं, त्यातले एक विधवा आजी. त्यांच्या हरभऱ्याला शेजारच्याने विहिरीचं पाणी दिलं, पण पाळीचा क्रम लावण्यात चूक माझीच होती. मी क्षेत्र धरलं, चारी किती चढावर आहे ते धरलं नाही. पुढच्या वेळी चढाची शेतं आधी घेतोय.

फेब्रुवारीत पाणीपट्टीचं बिल आलं ते मंजूर कोट्यावर. आम्ही रजिस्टरच्या पानांच्या प्रती जोडून पत्र दिलं : मोजून मिळालं तेवढ्याचं बिल द्या, आणि ४९ हजार घनमीटरची तूट उन्हाळी आवर्तनात कशी भरून काढणार ते कळवा. कार्यालयातल्या नव्या साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "हे रीडिंग कोणी घेतलं?" मी रजिस्टर उघडून सह्या दाखवल्या. एक हेडची, एक टेलची, १२० ओळी. त्यांनी शिपायाला बोलावून शिक्का मागवला. बिल महिन्याभरात दुरुस्त होऊन आलं. तुटीबद्दलचं उत्तर अजून आलेलं नाही. नाहीच आलं तर आधी विवाद निवारण अधिकारी आणि मग मुंबईचं प्राधिकरण, अशी वाट आहे. तिचे कागद मी जमवते आहे.

दादाने यंदा पाऊण एकरच भुईमूग केलाय. पाणी किती येईल त्याचा अंदाज घेऊन, असं तो म्हणाला. परवा गुरुवार होता, आमच्याकडे दुरुस्तीसाठी नळ बंद. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून आरडाओरडा. दुपारी दादाचा फोन आला, उन्हाळी आवर्तन सुटल्याची बातमी होती.

"मुखाशी किती आहे?" मी विचारलं.

"थांब," तो म्हणाला, "पोराला पट्टी वाचायला पाठवलंय."